सोबतीण



दरवर्षी 1 डिसेंबरला, म्हणजे जागतिक एड्स दिनी, आपल्या शाळेतील आठवी-नववीची मुले तक्ते तयार करतात. लाल फीत, दोन-चार घोषवाक्ये आणि 'एच.आय.व्ही. कसा पसरतो' याची यादी. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने त्या यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "बाई, इथं 'आईकडून बाळाला' असं लिहिलंय. म्हणजे आईला असला की बाळाला होणारच का?" विज्ञानाच्या बाईंनी तिला तिथल्या तिथे उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, पण दोन वाक्यांत संपले. मला मात्र हा विषय गेली काही वर्षे चांगलाच जवळून पाहायला मिळाला आहे, म्हणून तो आपल्या वार्तापत्रात जरा सविस्तर मांडावासा वाटतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लिहिण्यात कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

तर उत्तर असे की, होणारच असे मुळीच नाही. काहीही उपचार न करता आणि अंगावर पाजूनही अशा 100 मातांपैकी 15 ते 45 जणींच्या बाळांना लागण होते. म्हणजे उपचाराविनाही निम्म्याहून अधिक मुले सुटतात. आईचे उपचार वेळेवर सुरू झाले आणि बाळालाही औषध मिळाले, तर हा आकडा 5 च्या खाली येतो. गर्भ राहण्याच्या आधीपासून आईच्या गोळ्या नियमित चालू असतील आणि रक्तातला विषाणू दबलेला असेल, तर 100 त एकापेक्षाही कमी. आपल्या तक्त्यांवर हे कुठेच नसते.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. आपल्या देशात एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा 1986 साली मद्रासला मिळाला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेलप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. पुढे 1993 मध्ये डॉ. सोलोमन यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि 2015 मध्ये निधन होईपर्यंत त्या हेच काम करीत राहिल्या. 1994 मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये सिद्ध झाले की गरोदरपणात औषध दिले तर बाळाची लागण पुष्कळ कमी होते. पण तो उपचार महाग आणि लांबलचक होता. 1999 मध्ये युगांडातून बातमी आली की नेव्हिरापिन या औषधाची एक गोळी आईला कळा सुरू झाल्यावर आणि एक मात्रा बाळाला तीन दिवसांच्या आत दिली, तरी लागण जवळजवळ निम्म्यावर येते. ही स्वस्तातली गोष्ट होती. आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम 2001-02 च्या सुमारास सुरू झाला.

त्यानंतरच्या एका अभ्यासात पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या आपल्या मराठी भगिनींचाही वाटा आहे. इथियोपिया, युगांडा आणि पुणे अशा तीन ठिकाणी बाळांना एका मात्रेऐवजी सहा आठवडे रोज औषध देऊन पाहिले गेले. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मताना लागण नसलेल्या बाळांपैकी, एकच मात्रा मिळालेल्या गटात सहाव्या आठवड्यापर्यंत 100 त 5.3 जणांना लागण झाली, तर रोज औषध मिळालेल्यांत 2.5 जणांना. या बायका बाळांना अंगावर पाजत होत्या. 2004 पासून सरकारी केंद्रांत ए.आर.टी.ची औषधे मोफत मिळू लागली, त्या पहिल्या राज्यांत तेव्हाचे आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती. आणि 2014 पासून प्रत्येक एच.आय.व्ही.बाधित गरोदर स्त्रीला, तिची तब्येत कशीही असो, लगेच आणि कायमचे उपचार सुरू करायचे असे धोरण झाले.

इतके झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. औषध आहे, मोफत आहे, हैदराबादेत उस्मानिया आहे, गांधी रुग्णालय आहे. मग अडते कुठे?

अडते घरात. आणि आपल्या घरात बाळंतपण म्हणजे काय असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पहिल्या खेपेला मुलगी माहेरी जाते. बाळंतिणीच्या खोलीत आई, मावशी, आजी, शेजारच्या काकू यांची सतत ये-जा असते. पाचवीची पूजा होते, बारसे होते. बाळंतिणीने काय खायचे, बाळाला काय चाटवायचे हे ठरवायला किमान चार अनुभवी बायका हजर असतात, आणि त्यांपैकी एकीलाही आपल्या औषधाबद्दल कळू द्यायचे नाही, अशी ही मुलगी. दुपारच्या वेळी सगळ्यांची नजर चुकवून ती एक गोळी कशी घेणार? बाळाच्या तोंडात सिरिंजने औषध कसे घालणार? विचारले तर काय सांगणार?

दुधाची गोष्ट तर आणखी अवघड. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ मातांना सांगितले जाई की जमत असेल तर वरचे दूध द्या. आता विचार करा, घरी आलेली बाळंतीण बाळाला पाजत नाही, डब्यातले दूध कालवते आहे. सासूबाई विचारणारच. "दूध येत नाही" म्हणावे, तर दुसऱ्या दिवसापासून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांचा मारा सुरू. दूध तर भरून आलेले असते, पदर भिजतो, तो लपवायचा. त्यात वरच्या दुधाला लागणारे स्वच्छ पाणी आणि महिन्याचा खर्च. अशा मुलांना हगवणीने गाठले की एका संकटातून वाचवून दुसऱ्यात ढकलल्यासारखे होई. पुढे नियम बदलला. आईचे उपचार चालू असतील तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, दुसरे काहीही नाही.

'दुसरे काहीही नाही' हे तीन शब्द मराठी घरात किती कठीण आहेत पाहा. आपल्याकडे बाळगुटी असते. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक यांचे दोन-दोन वेढे उगाळायचे आणि आईच्या दुधात नाहीतर मधात कालवून चाटवायचे. मीही माझ्या मुलांना दिली आहे, खोटे कशाला बोलू. परंतु इथे हेच घातक. नुसते वरचे दूध किंवा नुसते आईचे दूध यांपेक्षा दोन्हींची सरमिसळ अधिक धोक्याची, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासात 1999 मध्येच दिसले होते. बाहेरच्या पदार्थांनी बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे मानले जाते. डॉक्टरसाहेब हे दवाखान्यात पाच मिनिटांत सांगतात. पण सहाण घेऊन बसलेल्या आजेसासूला थोपवायचे काम त्या विशीतल्या मुलीला करायचे असते, आणि तेही खरे कारण न सांगता.

ते कसे करायचे हे जिने स्वतः केले आहे तीच सांगू शकते. हिंदीत आणि उर्दूत 'हमदर्द' हा शब्द आहे. औषधांच्या कंपनीमुळे तो आपल्याला तोंडपाठ आहे, पण त्याचा अर्थ पाहावा: जिचे दुःख आपल्यासारखेच आहे ती. मराठीत 'समदुःखी' म्हणतात. सहानुभूती दाखवणारा आणि समदुःखी यांत फरक आहे. पहिल्याला आपले दुःख समजावून सांगावे लागते.

जगात या कल्पनेला मोठे रूप मिळाले ते केप टाउनमध्ये. तिथे 2001 साली मिच बेसर या प्रसूतितज्ज्ञाने 'मदर्स टू मदर्स' ही संस्था सुरू केली. आधी उपचार घेऊन बाळंत झालेल्या एच.आय.व्ही.बाधित मातांना प्रशिक्षण देऊन, पगार देऊन, दवाखान्यातच नेमायचे, आणि नव्याने निदान झालेल्या गरोदर बाईला त्यांच्या हाती सोपवायचे. पुढे ही पद्धत आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली. मला त्यातली पगाराची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सोबतीला सेवा म्हणतात आणि सेवेला मोबदला द्यायचा म्हटले की हात आखडतो.

आपल्याकडेही बायका थांबून राहिल्या नव्हत्या. तमिळनाडूच्या पी. कौसल्या यांनी लग्नानंतर अगदी कमी वयात स्वतःचे निदान ऐकले आणि 1998 मध्ये आणखी काही जणींना घेऊन 'पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क' उभे केले. महाराष्ट्रात 'एन.एम.पी. प्लस', तेव्हाच्या आंध्रात 'टी.एन.पी. प्लस' अशी बाधितांची स्वतःची जाळी तयार झाली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने तर खासगी प्रसूतिगृहांतल्या मातांपर्यंत हे उपचार नेण्याचे काम केले. 'पालकनीती' मासिक वाचणाऱ्या आपल्या पालकांना संजीवनी कुलकर्णी हे नाव माहीत असेल. त्याच 'प्रयास'मध्येही आहेत. 2013 पासून 'विहान' या नावाने देशभर आधार केंद्रे सुरू झाली, त्यांत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या पुष्कळदा स्वतः बाधित असत. सरकारी ए.आर.टी. केंद्रातही 'केअर को-ऑर्डिनेटर' हे पद साधारणतः बाधित व्यक्तीलाच देतात. म्हणजे दाराशी पहिल्यांदा भेटणारे माणूस त्याच वाटेने आलेले असावे, हे सरकारलाही पटलेले आहे.

आता मला हे सगळे कसे कळले ते सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम वगळले आहेत आणि काही बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक आई मुलाला घेऊन आली. माहेर मराठवाड्यातले. (नांदेड जिल्ह्यातही एक हिमायतनगर आहे, आणि आपली टपाले अधूनमधून तिकडे जाऊन येतात. असो.) तिच्याबरोबर एक वयाने मोठी तेलुगू बाई होती, तिला ती 'अक्का' म्हणत होती. फॉर्म हातात घेण्याआधीच तिने विचारले, "मॅडम, यात आईवडिलांच्या आजाराचा रकाना आहे का?" दुसऱ्या एका शाळेच्या फॉर्मवर तसा रकाना पाहून ती परत फिरली होती. मी म्हटले, नाही. मग ती म्हणाली, "महिन्यातून एक दिवस मला दवाखान्यात जावं लागतं. तिथं रांग फार असते. त्या दिवशी याला पाच वाजेपर्यंत ऑफिसात बसवाल का?" मी हो म्हटले आणि कारण विचारले नाही. सहा-सात महिन्यांनी तिने आपण होऊन सांगितले, तेव्हाही अक्का बरोबर होती.

तिला गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात कळले. समुपदेशक बाई तेलुगूत बोलत होत्या. सासरी येऊन जेमतेम वर्ष झालेले, हिला त्यातले निम्मेच समजले आणि जे समजले त्याने हातपाय गळाले. बाहेर बाकावर बसून रडत असताना अक्का शेजारी येऊन बसली आणि आपल्या दक्खिनी हिंदीत म्हणाली, "रो नक्को. मैं भी ऐसीच आई थी. ये देख." आणि मोबाइलवर शाळेच्या गणवेशातल्या मुलीचा फोटो दाखवला. "निगेटिव्ह है. तिसरी में है." ती आई मला म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली होती. ती मला कळली नव्हती. तो फोटो कळला."

पुढचे सगळे अक्काने शिकवले. गोळी कुठल्या मालिकेच्या सुरुवातीला घ्यायची, म्हणजे वेळ चुकत नाही. डबी तांदळाच्या डब्यात नको, सासू तांदूळ काढते, तर आपल्या शिवणाच्या पेटीत. नवव्या महिन्यात माहेरी जायचे तर त्याआधी ए.आर.टी. केंद्रातून कागद करून घ्यायचे, म्हणजे राज्य बदलले तरी तिकडच्या केंद्रात औषध मिळते. हा कागदाचा मुद्दा मला स्वतःला कधी सुचला नसता. आपल्याकडे किती मुली बाळंतपणाला सीमा ओलांडून लातूर, नांदेड, बिदरला जातात! तिथल्या एका खासगी दवाखान्याने नाव नोंदवूनही आयत्या वेळी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून तिला परत पाठवले, तेव्हा तोच कागद घेऊन ती सरकारी रुग्णालयात गेली आणि तिथे सुखरूप बाळंत झाली.

आणि गुटीचे काय? मी मुद्दाम विचारले. अक्का हसली. म्हणाली, "झूट बोलना पड़ताच नहीं." सहा महिने फक्त अंगावरचे दूध हे डॉक्टर आज सगळ्याच बाळांसाठी सांगतात. मग सासूला तेच सांगायचे: डॉक्टरांनी प्रत्येकीला सांगितलेय, भिंतीवर पोस्टर लावलेय, हवे तर चला दाखवते. अक्काने एका सासूला खरोखरच दवाखान्यात नेऊन ते पोस्टर वाचून दाखवले होते. बाळाचे औषध इतर टॉनिकच्या बाटल्यांत ठेवायचे. नवजात बाळाला थेंब-थेंब औषध देणे कुणाला वावगे वाटत नाही.

सर्वांत कठीण काळ औषधाचा नव्हे, वाट पाहण्याचा. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणीला पाठवतात. तो निकाल चांगला आला तरी अखेरचा शिक्का अठराव्या महिन्यात बसतो. कारण आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळात उतरलेली असतात आणि ती पूर्ण नाहीशी व्हायला तितका काळ लागतो. त्याआधी साधी चाचणी केली तर निरोगी बाळही बाधित दिसू शकते. अठरा महिने! बाळ पालथे पडते, रांगते, पहिले पाऊल टाकते, आणि आईला प्रत्येक सर्दीत, प्रत्येक तापात तोच विचार. या काळात ती आई रात्री-अपरात्री अक्काला फोन करी. अक्का काही औषध सांगत नसे. "मेरी को भी उस महीने में बुखार आया था," एवढेच म्हणे, आणि सकाळी दवाखान्यात चल म्हणे.

तो मुलगा आपल्या शाळेत शिकला. निरोगी होता आणि आहे. तो कोणत्या वर्गात होता हे मी सांगणार नाही आणि कुणी विचारूही नये.

शाळेचा संबंध इथे येतो. 2003 मध्ये केरळातल्या दोन बाधित भावंडांना शाळेने दारे बंद केली, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना जवळ घेतल्याची छायाचित्रे देशभर छापून आली होती. तरीही 2009 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांच्या 'सेवालय'मधली मुले गावच्या शाळेत बसली म्हणून इतर पालकांनी आपली मुले काढून घेतली. लातूर म्हणजे 1956 पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्याचा भाग, आपल्यातल्या कितीतरी जणांचे मूळ गाव. ती माणसे परकी नव्हेत.

त्यानंतर 2017 चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा आला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे हा आता कायद्याने मनाई केलेला भेदभाव आहे, आणि संमतीविना कुणाची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यातले 32 वे कलम मी शिक्षकांच्या बैठकीत दोनदा वाचून दाखवले. बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे बारा ते अठरा वर्षांचे समजूतदार भावंड, धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेशाच्या अर्जावर सही करू शकते. म्हणजे उद्या माझ्यासमोर तेरा वर्षांची मुलगी लहान भावाचे बोट धरून उभी राहिली, तर "मोठ्यांना घेऊन ये" असे मला म्हणता येणार नाही. ज्यांना आईची सोबत मिळाली नाही अशी किती मुले आहेत हे पाहायचे असेल तर पंढरपूरला मंगलताई शहा यांची 'पालवी' पाहून यावी.

काही पालक मला विचारतात, "मग शाळेला कळायला नको का? खेळताना मुलाला लागलं तर?" शाळेला कळण्याची गरज नाही. आपल्या प्रथमोपचार पेटीत हातमोजे आहेत आणि रक्त कोणत्याही मुलाचे असो, ते घालूनच जखम धुतली जाते. एकत्र डबा खाऊन, एका बाकावर बसून, एका नळाचे पाणी पिऊन हा आजार होत नाही. तुमच्या मुलाशेजारी कोण बसते याची यादी कोणतीही शाळा देणार नाही.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. 2023 च्या अंदाजानुसार देशात सुमारे 25 लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत, त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, आणि आपल्या तेलंगणातले प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास. आणि अक्कासारख्या बायकांचे काम प्रकल्पावर चालते. प्रकल्प आला की तुटपुंजे मानधन, प्रकल्प संपला की काम बंद. अक्काचे दोनदा बंद झाले. फोन मात्र येतच राहिले, कारण नंबर तिचा स्वतःचा होता. सध्या ती एका शिवणकामाच्या दुकानात जाते आणि दुपारच्या सुट्टीत फोन घेते.

ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी: राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक 1097, कुठूनही नि:शुल्क. गरोदरपणातली एच.आय.व्ही. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि ती पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यावी, लग्न कितीही 'चांगल्या घरात' झालेले असो. यंदाच्या तक्त्यांवर 'आईकडून बाळाला' या ओळीखाली मुले आणखी एक ओळ लिहिणार आहेत, ती काय असावी हे नववीचा वर्ग ठरवतो आहे. पुढच्या पालकसभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. आजीमंडळींनी अवश्य यावे. गुटीबद्दलचे प्रश्नही विचारावेत.

— मुख्याध्यापिका